सात मिनिटांचं कोटेशन

बुश. पितळेचं नव्हे, गनमेटलचं.
तळहातावर मावतं, वजन पाव किलोला कमी.
पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं, झिजलेलं घेऊन
पूवय्या बेंगळूरहून उद्यमबागेत आले तेव्हा
भरमादादा जेवत होते. डबा तसाच उघडा ठेवून
त्यांनी ते नखावर घासून बघितलं:
"पंपाचं काय हे?"

विमानाचं.
माझ्या वडिलांहून तीन वर्षांनी मोठ्या,
पिवळ्या, दुमजली पंखांच्या विमानाचं.
लढाईवर ते कधी गेलंच नाही,
जाणाऱ्यांना शिकवून खाली आणून सोडायचं, एवढंच.

कोटेशन मी लिहिते. पाटी कानडीत, बिल इंग्रजीत,
घासाघीस मराठीत, असा आमच्या शेडचा कारभार.
पूवय्यांची मराठी लोहगावात नोकरीत उचललेली.
चहा गार होईस्तोवर ते आकडेच बोलत राहिले.
एक तास वर, तर चाळीस तास खाली, पान्यांखाली.
पेट्रोल? पेट्रोल स्वस्त हो बाई. विमा बघा.
नाही उडालं तरी विमा, हँगरचं भाडं,
आणि उभं राहिलं की रबरं सुकतात,
चिमण्या आत घरटी करतात.
उडवलं तर तास संपतात.
इंजिनाचे एकसष्ट शिल्लक.
दुसरं इंजिन जगात कुठं पडलंय तेही त्यांना ठाऊक होतं,
किंमतही. ती त्यांनी सांगितली नाही,
खोक्याचं झाकण लावलं.

मी विचारलं, मग मिळवतं काय?
"उडताना दिसतं," म्हणाले.
हे कुठल्या रकान्यात घालावं ते मला कळेना.

दादांनी दोन बनवली. पहिलं दीड थाऊनं चुकलं,
म्हणजे केसाच्या अर्ध्यानं.
पंपाला चाललं असतं. त्यांनीच बाजूला सारलं.
दुसऱ्यावर नंबर ठोकला, तेलकागदात गुंडाळलं.
विमान म्हणून मजुरी रुपयानं वाढवली नाही,
जुनं विमान म्हणून कमीही केली नाही.
"धर्मादाय न्हवं हे, शालन. लिही की."

सांबऱ्याला शो झाला, जानेवारीतल्या रविवारी.
तिकिटाच्या खुर्च्या निम्म्या रिकाम्या.
मुचंडी, बाळेकुंद्री, निलजीची माणसं
बांधावर, ट्रॉलीत, पाण्याच्या टाकीवर.
आकाशाला कुठून कुंपण घालणार?
आधी जेट गेली, छातीत धक्का देऊन. मग ते आलं,
भाताच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्यासारखं फटफटत,
इतकं सावकाश, की आतल्या माणसाचा गळपट्टा दिसला.
हरभरा सोलणाऱ्या बायका थांबल्या.
मी घड्याळ लावून होते. सात मिनिटं.
एकसष्टातून तेवढी वजा.
पूवय्यांच्या आकड्यांनी मिनिटाला
माझा एक पगार, वर थोडी चिल्लर.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
सगळ्यांचे हात डोळ्यांवर आडवे होते.

त्या दिवशी नफ्यात एकटा रवळू मोदगेकर.
त्याची गच्ची, माणशी वीस, पोरांना दहा,
आणि जिन्याच्या तोंडाशी शेंगांची पाटी घेऊन बायको.

आमचे पैसे आठ महिन्यांनी आले, टीडीएस कापून.
सोबत पूवय्यांची चिठ्ठी होती: बुश उत्तम,
आता छत्तीस तास.
मी वाचून दाखवली. दादांनी लेथ बंद केला नाही.
"दोनशे जातंय बघ ते," म्हणाले.
उरलेल्या एकशे चौसष्टांचं काय, ते मी विचारलं नाही.
इंजिन थांबेल. विमान कुठल्याशा चौकात
खांबावर चढेल, कबुतरं बसतील.

चुकलेलं बुश माझ्या टेबलावर असतं.
येणेबाकीच्या बिलांवर ठेवते.
पंखा लावला की कागद फडफडतात,
उडत नाहीत.