शिक्का

बाबेल्सबर्ग, फेब्रुवारी, एकतीस साल.
गोटहोल्ड त्सिर्के, वय बेचाळीस,
बटणांच्या कारखान्यात सतरा वर्षं हिशेबनीस,
मग चौदा महिने घरी.
आज त्याला काम मिळालंय:
बेकाराचं.

स्टुडिओत फळ्या ठोकून उभी केलेली बेकारकचेरी,
खरीपेक्षा उजेड जास्त, ऊबसुद्धा.
रांगेत दोनशे माणसं.
उभं कसं राहायचं
हे एकालाही शिकवावं लागलं नाही.

कपडेपटातल्या बाईनं त्याचा कोट नाकारला.
"फार नीट आहे हा. लोकांना पटायचं नाही."
नीट आहेच तो.
आल्विना रोज रात्री ओल्या ब्रशनं झाडते,
कॉलर उसवून, उलटून शिवलीय तिनं,
न जाणो, उद्या कुणी बोलावलं तर.
कोट खुंटीवर राहिला.
त्यानं अंगात घातला तो मोजूनमापून फाडलेला,
कोपरांवर रंगाऱ्यानं मळ काढलेला.

"खांदे पाडा," भोंग्यातून आवाज आला,
"तुम्ही, खांबाजवळचे. जरा उपाशी दिसा."
त्सिर्के सकाळी चक्क सॉसेज खाऊन आला होता,
संध्याकाळच्या आठ मार्कांच्या भरवशावर, उधारीनं.
त्याला चोरट्यासारखं झालं.

सातव्यांदा रांग सरकली.
खिडकीतल्या नटानं न बघताच हात पुढे केला: "कार्ड."
न बघता हात पुढे करणं त्याला इतकं साधलं होतं
की त्सिर्केची बोटं आपसूक जाकिटाच्या खिशात गेली
आणि खरं कार्ड काढून बसली.
ठप्प.
लाल, ओला, ठसठशीत शिक्का,
गरुडाच्या जागी कोंबड्यासारखं काहीतरी.
"छान!" भोंगा म्हणाला. "हेच हवं होतं."

शुक्रवारी, खऱ्या खिडकीत,
कारकुनानं कार्ड दिव्याखाली धरलं. बराच वेळ.
"हे काय?"
"सिनेमा," त्सिर्के म्हणाला.
मागची रांग हसली. कारकून नाही.
"म्हणजे त्या दिवशी कमाई होती. कळवलीत?"

हिशेबनिसाला हिशेब तोंडी करता येतो:
आठ जमा,
सव्वाचौदा वजा,
सॉसेजवाल्याचे अजून द्यायचेत.

शरदात सिनेमा गल्लीतल्या थिएटरला लागला.
तिकीट ऐंशी फेनिग.
दोघं बाहेर उभी राहून काचेमागचे फोटो बघत राहिली.
आल्विनानं पाठींच्या गर्दीत एका पाठीवर बोट ठेवलं.
"हा तू."

कोट तोच होता.
आत दुसराच कुणी.

"हो," तो म्हणाला, "मीच."
मग तिनं त्याच्या खांद्यावरचा,
नसलेला,
कचरा झटकला.