फ्रिजचा सा

हल बंदरात, हेसल रोडच्या मागल्या गल्लीत,
हॅडॉकला धूर देण्याच्या कारखान्यावरची खोली.
भाडं आठवड्याला चार पौंड, आणि एकच अट:
कोपऱ्यातला फ्रिज बंद करायचा नाही.
त्यात मालकाचे मासे.

एक्क्याऐंशीचा फेब्रुवारी. अकरा रात्री.
द स्पेअर कीज. चौघं. सगळ्यांची वयं मिळून
एक्क्याऐंशीच भरत होती.
ग्लेनिस थॅकरे गाणार, कारण
ड्रमचं यंत्र तिच्या चुलतभावाचं.
ट्रेव्हर दिवसा भंगारातल्या ट्रॉलरांचं पितळ उपटायचा,
रात्री त्याच बोटांनी गिटार.
हिलरीच्या कीबोर्डची एक पट्टी खाली गेली
की वर यायचं नावच घ्यायची नाही;
तिला ती गाण्याच्या मध्येच नखाने उचलायची.
बेसवर डेसमंड.
आणि टेपच्या यंत्रापाशी, ओव्हरकोट न काढता,
नॉर्मन बीलबी.

कव्हरवर गल्लीच्या तोंडाचा साय-रंगाचा टेलिफोन बूथ,
दार अर्धं उघडं.
नाव नाही. अक्षरं छापायचे पैसे संपले होते.

दुसरी रेकॉर्ड लंडनला झाली. गालिचे होते,
पियानो होता, फळांची परडीसुद्धा होती.
दुसऱ्या रेकॉर्डला अक्कलदाढ आली होती.
तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

पहिलीबद्दल विचारतात.
ओसाकाहून एकजण आला, जिन्याचे फोटो काढून गेला.
नॉर्मनच्या दवाखान्यातली नर्स, वय चोवीस,
रक्तदाब मोजताना तिसरं गाणं गुणगुणते,
आणि आकडा चुकतो.
का, ते त्याला कधी कळलं नाही.
पोरांनी हातचं काही राखलं नाही म्हणून, असं तो सांगायचा.
खरं तर हातात होतंच काय.

आता तो बहात्तरचा. कंपनीचं पत्र आलं:
नवी आवृत्ती काढतोय, हल्ली संगणक सगळं धुऊन देतो,
ती मागची घरघर तेवढी काढून टाका.

काढली. पाच मिनिटांचं काम.
हेडफोन लावून बसला,
आणि गाणी उभी, पायाखालचा पाट काढल्यासारखी.
चौघंही बेसूर. चौघंही सारखेच बेसूर.
जगातल्या कुठल्याही पियानोपेक्षा
नखभर वर.

तेव्हा कुठे त्याला ती पहिली रात्र आठवली.
खिशात ट्यूनिंग फोर्क नाही,
बोटं गारठलेली, आणि डेसमंड
फ्रिजच्या दाराला कान लावून उभा,
बेसची खुंटी पिळत, जरा, अजून जरा,
हां.
मग गिटार बेसवरून, कीबोर्ड गिटारवरून,
आणि ग्लेनिस बिचारी सगळ्यांवरून.
अकरा रात्री तो फ्रिज
तानपुऱ्यासारखा मागे बसून होता,
पोटात मालकाचे हॅडॉक,
आणि त्याचा सा कोणाला ऐकूही येत नव्हता.

म्हणूनच चाळीस वर्षं मुलं
आपापल्या खोल्यांत ती गाणी लावून
सोबत वाजवू बघतात, आणि जमत नाही.
वाद्य दोन पट्ट्यांच्या फटीत अडकतं.
त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.
पुन्हा लावतात.

डेसमंड आता नाही. नऊ वर्षं झाली.
ट्रेव्हरचा पत्ता कोणाकडे नाही.
नॉर्मनने ग्लेनिसला फोन केला. ती शाळेची बस चालवते;
मागे पोरांचा कल्ला, आणि एक मूल
सारखं विचारत होतं, कधी निघायचं.
त्याने सगळं सांगितलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, राहू दे त्याला आत.
आणि हे बघ, त्या मालकाची कोणी मुलंबिलं असतील
तर शोध.
आम्ही त्याचे दोन मासे खाल्ले होते.