सात नंबर

सात नंबरच्या पिराजी शिंगट्यांच्या बोटाला
मशीन लागेना.
आकडा येई, जाई, मग नुसत्या रेघा.
मी स्पिरिटनं नखं पुसली, तीनदा.
कापूस पिवळा झाला, नखं तशीच.
"निघायचं न्हाई ते," बायको दारातून म्हणाली,
"चाळीस वर्सं हळदीची पोती उचलल्यात."
मशीन मी कानाच्या पाळीला लावलं.

तिला दारातूनच बोलावं लागायचं.
भेटायची वेळ पाच ते सव्वापाच,
चपला बाहेर, एका वेळी एकच.

थोरला पुण्याहून मिरजेत उतरला, म्हणाला, सगळं करा.
आम्ही सगळं करतच होतो.
नळी नाकात, नळी मानेत, लघवीची वेगळी,
आणि नळ्या उपसतात म्हणून
दोन्ही हात गॉजनं कठड्याला.
चार्टवर प्रत्येकाला रकाना आहे.
ओठांच्या भेगांना नाही.

नायकवडी मॅडम रात्री नऊला आल्या.
स्टूल ओढलं. त्या उभ्यानं बोलत नाहीत.
"सगळं म्हणजे काय, ते तुमच्याकडून ऐकायचंय."
थोरला बराच वेळ मोबाईलचं कव्हर
काढत-घालत बसला.
मग म्हणाला, त्यांना दुखायला नको.
मग म्हणाला, मी कमी पडलो असं नको.
मॅडमनी दुसऱ्याला उत्तर दिलं नाही.
पहिल्याचं औषध लिहिलं.

'आता करण्यासारखं काही नाही'
असं ठरलं की आपण मोकळे, असं मी समजायचे.
त्या रात्री मला पाणी प्यायला फुरसत नव्हती.
मॉर्फिन, थेंब मोजून. दर दोन तासांनी कूस.
गॉज सोडलं, तर मनगटावर खाच.
मॉनिटरचा आवाज बंद केला
आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा
माणसाचा श्वास ऐकू आला, खरखरता.

बायकोला आत घेतलं.
नियम चपलांपाशी राहिला.
विचारलं, काय आवडायचं ओ त्यांना?
"च्या. बशीतला. यार्डात, पहाटं चारला."
गिळता येत नव्हतं.
पण ओठाला?
मॅडम फोनवर म्हणाल्या, लावा की.
कँटीनचा, कोमट, कापसाच्या बोळ्यानं.
जीभ बाहेर आली, एकदाच, चाटून आत गेली.
"साखर कमी हाय म्हणत असतील,"
ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा.

गेले ते चारच्या पुढंमागं.
हात तिच्या हातात होता,
म्हणून घड्याळ मी उशिरा बघितलं.

औषधं लिहिली, वेळ लिहिली, बेड रिकामा.
चहाला रकाना नव्हता, समासात लिहिला:
दोन थेंब, घेतला.

सकाळच्या सिस्टरनं बोट ठेवून विचारलं, हे काय गं?
म्हटलं, इनटेक.