पेव

इराप्पा हरिपूरहून आला तेव्हा
उजवा गाल टॉवेलात बांधलेला,
टॉवेलाला हळदीचा वास,
कानामागे गोणपाटाचा एक धागा.
"गोळी लिवून द्या बाई.
मागच्या बारीला लगीच गुण आलता."

मागची कुठली?
मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेली,
नाव उरलेल्या तुकड्यावर राहिलं.
सहातल्या तीन खाल्ल्या, ठणका थांबला.
दोन बायकोनं शेजारच्या पोराला दिल्या, सर्दीला.
एकीचा पत्ता नाही.
त्याआधी लवंग. त्याआधी मिश्री.
त्याआधी अर्थातच हळद.
सांगलीत हळदीवर कुणी शंका घेत नाही,
मीही घेत नाही मोठ्यानं.

तोंड दोन बोटं उघडलं,
तीन उघडायला हवं होतं.
ताप एकशे एक.
जबड्याखाली लिंबाएवढी गाठ.
गिळता येतंय? येतंय.
दम लागतोय? न्हाई.
जीभ वर उचल. उचलली.
यातलं एक जरी उत्तर वेगळं आलं असतं
तर त्याला उठवून थेट मिरजेला धाडलं असतं.
हे त्याला सांगितलं नाही.
आरशाच्या दांड्यानं दाढा ठोकत गेले,
एक, दोन,
तिसरीला तो खुर्चीच्या हातांवर उभाच राहिला.

फोटोत मुळाच्या टोकाशी
वाटाण्याएवढा काळोख.
मी म्हटलं, इथलं हाड खाल्लंय.
त्यानं बराच वेळ बघितलं.
"पेवच हाय की हे."

पेव फुटलं म्हणतो आपण कशालाही,
क्लासेसचं, फ्लेक्सचं, नव्या डॉक्टरांचंही.
जन्म सांगलीतला,
पण पेवात मी कधी वाकून पाहिलेलं नाही.
इराप्पा उतरायचा, त्याचा बाप उतरायचा,
महापुराचं पाणी आत शिरेपर्यंत.
वर माणूस मावेल एवढंच तोंड,
खाली अंधारात हळद, वर्षानुवर्षं.
"उघडल्या उघडल्या उतरायचं न्हाई बाई.
आतलं वारं भाईर जाऊ द्यायचं.
मग कंदील सोडायचा.
इझला तर थांबायचं.
माझा चुलता थांबला न्हाई."

मी सुई भरत होते.
थोडा वेळ भरतच राहिले.

मग त्याच्याच शब्दांत सांगून बघितलं:
गोळी रक्तातनं चालते, इराप्पा,
आणि ह्या दाढेच्या आत रक्त उरलेलं नाही.
गोळी पेवाभोवती माणसं उभी करील,
घाण गळ्याकडं जाऊ देणार नाही,
पण झाकण कुणीतरी काढायलाच हवं.
पेनिसिलिननं कधी पुरळ उठलं? तोंड सुजलं?
"तोंड आत्ताच सुजलंय," म्हणाला.

दाढ उघडली.
आधी काहीच नाही.
मग पू, मग रक्त, मग तो वास.
तबस्सुमनं न सांगता खिडकी उघडली.
इराप्पाचे खांदे,
आल्यापासून कानांना चिकटलेले,
हळूहळू खाली आले.
तोंडात कापूस, तरी बोललाच,
"कंदील?"
मी वरचा दिवा आणखी जवळ ओढला.

चिठ्ठीवर लिहिलं, दिवसातनं तीन, पाच दिवस.
खाली मोठ्या अक्षरात:
बरं वाटलं तरी.
त्याच्याही खाली: कुणाला देऊ नये.

तिसऱ्या दिवशी आला.
गाल उतरलेला, सुरकुत्या जागेवर.
खिशातनं पाकीट काढलं.
प्रत्येक रिकाम्या खळग्यावर
पोत्यांवर मारतात तशी निळी रेघ.
"माल मोजून घ्या."
मी मोजला. बरोबर होता.
मुळं अजून धुवायची आहेत, म्हटलं, दोनदा यावं लागेल.
मान हलवली. येईल की नाही,
हे सांगलीतल्या मान हलवण्यावरनं कळत नाही.

दारात शेजारचं पोर उभं होतं,
नाक गळत.
"आणि ह्याला कंची लिवता?"
मी म्हटलं, रुमाल.