पुसून वापरावी

डब्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं: पुसून वापरावी.
खाली बारीक अक्षरात: वाद्यवृंद, भुसावळ, पंधरा मिनिटं,
आणि ब्याऐंशीच्या मे महिन्यातली एक तारीख.
संचालन कुणाचं, ते नाही.

जळगावात बाहेर पंचेचाळीस.
एसी फक्त मशिनसाठी, मी त्याच्या आडोशाला.
काम साधं: टेप चढव, बुरशी पूस,
काटा हलतोय का बघ, संगणकात उतरव, पुढचा डबा.
ऐकायचे पैसे मिळत नाहीत.

संचालकाचा आवाज टेपवर कधीच नसतो.
तीन व्हायोलिनं असतात, जलतरंग असतं,
लग्नाच्या बँडमधून उचलून आणलेली एक क्लॅरिनेट,
अजून अंगाला हळद लागलेली.
तो नुसता हवेत हात हलवणारा.
त्याला शोधायचं
तर जिथे काहीच वाजत नाही
तिथे कान लावायचा.

लावला.
निवेदिकेच्या ‘सादर करीत आहोत’नंतर एक श्वास,
नाकानं आत ओढलेला.
आणि तिच्याही आधी, कापायचं राहून गेलेलं,
जाडसर, घोगरं:
“हयू रे भो, हयू. केयी पिकू दे.”
मग ते अकरा जण
एका अंगानं उठले.

सातव्या मिनिटाला हॉलमागून मालगाडी.
दुसऱ्या कुणी हात वर केला असता,
पुन्हा घेऊ म्हणाला असता.
यानं व्हायोलिनं एका स्वरावर धरून ठेवली,
फाटकाशी सायकल धरून उभं राहावं तशी.
अठ्ठावन्न वाघिणी, मी मोजल्या.
गार्डाचा डबा गेला,
पार वरणगावच्या अंगाला इंजिनानं शिट्टी दिली
आणि क्लॅरिनेटनं पुढची ओळ
नेमकी त्या शिट्टीतून उचलली.

टेप मागे घेतली. चार वेळा.
कळण्याची भाकरी फडक्यात वातड झाली.

नाव मानधनाच्या वहीत निघालं:
कौतिक डोंगर तायडे, रुपये पंचाहत्तर.
सहीचा शेवटचा फराटा वर गेलेला,
खाली यायचा बाकी.

यावलला त्यांची मुलगी असते, देवकाबाई.
फोन तिच्या कानाशी धरला.
सुरावट तिला ओळखीची नव्हती.
श्वास आला,
तशी ती खाटेवरून उतरून जमिनीवर बसली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
शेवटची तीन वर्षं उजवा हात हलायचा, चादरीवर.
डॉक्टर म्हणे कंपवात. गोळ्या दिल्या.
“कंप असता तर दर खेपेला
सोळाव्यावर थांबला असता का?”

मला उत्तर देता आलं नाही. चहा झाला. शेवटची एसटी होती.

आज तो रकाना भरला. संचालन, दोन ठिपके,
मग नाव.
संगणकानं खाली लाल रेघ ओढली
आणि विचारलं: कौतुक?

नाही, म्हटलं.
कौतिक.