लाइन आली तेव्हा

करुणा ट्रेनिंगला गेली, चंद्रपूरला, तीन दिवस.
जाताना बजावून गेली : वरण-भात लावा,
पोरीला बाहेरचं काही खाऊ घालू नका.
श्रावस्ती म्हणाली, बाहेरचंच करू बाबा,
पण घरात.

पाकीट ब्रह्मपुरीच्या बाजारातलं.
दिवाळीपासून पोह्यांच्या डब्यामागे लपवलेलं,
कोणापासून, ते तिलाच ठाऊक.

फल्लीदाणे मी भाजले.
एवढं एक मला येतं, किती वेळ थांबायचं ते.
सालं फुंकायला अंगणात गेलो
तर दोडकूभाऊच्या कोंबड्या धावत आल्या,
सालं पाहिली, परत गेल्या.

मोबाइलमधली बाई भरभर सांगत होती.
सोया सॉस? नाही. चिंच आहे.
मध? गूळ आहे.
तिळाचं तेल? जवसाचं आहे, चालते का?
पोरीने थोडा विचार केला. दोनच थेंब, म्हणाली.
मिरची भिवापुरी घेतली, सात.
तिथं आम्ही त्या बाईला विचारलं नाही.

मिक्सरचं झाकण तळहाताने दाबलं, बटण फिरवलं,
एक घर्र झाली
आणि लाइन गेली.

दीड मिनिटात पहिला फोन, रामटेके गुरुजी.
मग चक्कीवाला. मग पुन्हा चक्कीवाला.
मग कोणी एक, ज्याने नाव सांगितलं नाही,
नुसता श्वास सोडला कानात.
जा तुम्ही, श्रावस्ती म्हणाली,
मी खलबत्त्यात कुटते.
तिने भांडं उपडं केलं. अर्धे दाणे अजून साबूत होते.

तळ्यापलीकडे बांबूची फांदी तारेवर रेलली होती.
परमिट घेतलं. तार मेली आहे ना, तपासलं.
तरी अर्थिंगचा रॉड लावला, मग फांदी छाटली.
ग्लोव्ह्जच्या आत बोटांना लसणाचा वास.
खाली उतरून सबस्टेशनला सांगितलं, सोडा.
गाव उजळताना आपलं घर आधी शोधू नये.
मी शोधतो.

दारातच ती उभी.
एकच नूडल झाली, बाबा.
गंजात पाहिलं. खरंच एकच होती,
जाड, पांढरी, गंजाच्या आकाराची.
तिचा खालचा ओठ बाहेर आला, तसा मी खाली बसलो.
गरम पाणी सोडलं. ओढू नको, म्हटलं, आधी टोक शोध.
दोघं वाकून होतो किती तरी वेळ.
अर्धी सुटली. उरलेलीच्या वड्या पाडल्या, सुरीने.

चटणी मात्र अशी झाली,
जाड, लालभडक, दाण्याचा चुरा दाताखाली,
आंबट की गोड ठरेपर्यंत तिखट येऊन ठेपायचं.
वरून सांबार, मूठभर.
नाक ओढत खाल्लं. मध्येच ती म्हणाली,
तुम्ही लाइन जोडली ना, मला लगेच कळलं.
कसं?
मिक्सर एकटाच ओरडला. रिकामा. मी केवढी दचकली.

बटण बंद करायचं राहिलं होतं.
माझ्याकडून.
बावीस वर्षं गावाला सांगतोय,
लाइन गेली की आधी बटणं बंद करा.

साडेनऊला करुणाचा फोन. काय जेवले?
श्रावस्तीने माझ्याकडे पाहिलं.
शेवया, म्हणाली, अन् फल्लीची चटणी.
अन् बाबा?
बाबा इथंच आहेत.
मग बोलत का नाहीत?
तिखट लागलं त्यांना, पोरगी म्हणाली,
आणि मिक्सरची पिन काढून ठेवली.