मळी

यीह्लावामध्ये समुद्र नाही.
जवळचा गाठायचा म्हटलं तरी एक रात्र रेल्वेत
आणि वर एक सकाळ बसमध्ये.
तरी डॉक्टर ओंद्राचेकांच्या दवाखान्यात,
कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी,
एकशे वीस लिटर समुद्र आहे.
दोन क्लाउनफिश, एक गोबी,
आणि पंजासारखं एक मऊ प्रवाळ,
दाढ काढायला आलेल्यांकडे बघून
जे सावकाश बोटं हलवतं.

शुक्रवारी शेवटचा पेशंट गेला की
मी अठरा लिटर उपसते, अठरा लिटर भरते.
तळघरात आदल्या रात्रीच मीठ कालवलेलं,
खारटपणा मोजलेला, ऊब पाहिलेली.
माझ्या दुधाची एवढी काळजी कुणी घेतली नव्हती,
लेक अजून ऐकवते.

यंदा खांदा धरला.
जिना चढताना बादली हिंदकळली,
वाळल्यावर पायरीवर
कुठल्यातरी देशाचा पांढरा नकाशा.

ब्रनोचा राडिम म्हणाला, क्व्येताबाई,
प्रोटीन स्किमर घ्या.
तो नसेल तर समुद्र कसला, गटार.
(त्याच्या दुकानात जो शिरतो
त्याला तेच कमी असतं.)

डॉक्टरांनी विचारलं, मासे किती?
तीन.
खाणं?
चिमूटभर. तेही दिवसाआड.
दुखतंय का काही? दुखत नसेल
तर चांगली दाढ का उपटायची?

आणि आतून किडली असेल तर, मी म्हटलं.

ते हातमोजे काढत राहिले,
एकेक बोट, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

राडिमकडून आठवड्याच्या बोलीवर जुना एक आणला.
काचेला अडकवला. गुरगुरला.
नळीतून बुडबुडे चढायला लागले,
प्रत्येकाच्या अंगाला न दिसणारं काहीतरी चिकटलेलं,
वर जाऊन फुटायचे आणि ते तिथेच टाकायचे.
रविवारचा रस्सा उकळताना
आई झाऱ्याने जी मळी काढायची, ती ही.
ती म्हणायची, हाडातलं वाईट आधी वर येतं,
त्याला घाई असते.

म्हातारे वोसाट्का, कानाने अर्धे,
बाकावर ताठ बसले.
कुणाचं चाललंय आत? इतका वेळ?
मी सांगेपर्यंत त्यांनी कोट घातला होता.

तिसऱ्या दिवशी वाटीत चार बोटं काळा चहा.
वासाबद्दल एवढंच,
की झाकण दुसऱ्यांदा कुणी उघडलं नाही.
डॉक्टरांनी वाटी एक्स-रेसारखी उजेडात धरली.
हे त्यात होतं?
पण पाणी तर आरसा होतं.
तुमचे पेशंटही हसतात तेव्हा छानच दिसतात, मी म्हटलं,
आणि वाटी धुवायला मीच गेले.

सहाव्या दिवशी प्रवाळाने मूठ मिटली.
पाणी फार निवळलं म्हणून,
की त्या घरघरीने,
की उगाच, माणसांसारखं?
नायट्रेटच्या दोन नळ्या खिडकीत धरल्या,
आधीची आणि आताची.
दोन्ही फिकट गुलाबी.
चष्मा घालून पाहिलं, काढून पाहिलं.

शुक्रवारी स्किमर परत केला.
नको, असं मी म्हटलं नाही.
म्हटलं, तीन मासे, एक चिमूट, अठरा लिटर,
बादली चालतेय तोवर चालेल.
चौथा मासा आला, किंवा दुसरा खांदा धरला,
तर फोन करीन.
राडिम म्हणाला, सगळेच करतात.

संध्याकाळी डॉक्टर काही न बोलता
नऊ-नऊ लिटरच्या दोन बादल्या घेऊन आले,
किमतीची चिकटी तशीच.
पांढऱ्या कोटात, दोन्ही हातांत समुद्र,
जिन्यावर तोंडाने श्वास घेत.
पायरीवर आता दोन देश आहेत.

प्रवाळ अजून मिटलेलंच.
सोमवारी बघू.